दाल्मेशियाचा किनारा: भाड्याची गाडी घ्यावी की बसनेच फिरावं?

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात क्रोएशियाला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरीच्या पुढचे, पण हिंडते-फिरते. सासऱ्यांना इतिहासाचं वेड, सासूबाईंना समुद्राचं. स्प्लिटला उतरायचं आणि दुब्रोवनिकहून परत फिरायचं, मधले साधारण दहा-बारा दिवस दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर काढायचे, एवढंच सध्या नक्की आहे.

अडलंय ते गाडीवर. नवरा घाटात, कोकणात भरपूर चालवतो, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेलं नाही. एजंट म्हणतो ड्रायव्हरसकट गाडी घ्या. त्याचा आकडा ऐकून आम्ही चहा अर्धा टाकून उठलो. मैत्रीण म्हणते बसने सगळं होतं. मला मनापासून स्वतःची गाडी हवी आहे, कारण वाटेत सासूबाईंना एखादी खाडी आवडली तर तिथे तासभर बसता आलं पाहिजे.

ज्यांनी हा किनारा केलाय त्यांनी सांगा. रस्ता कसा आहे, कागदपत्रं काय लागतात, बेटांवर गाडी न्यावी का, आणि वयस्कर माणसांना झेपेल का?

वाटसरू_नाशिक

बिनधास्त गाडी घ्या. बाकीचं सविस्तर संध्याकाळी लिहितो.

म्युनिककर

आम्ही इथून बऱ्याचदा उतरतो त्या बाजूला, त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही.

दोन रस्ते आहेत. एक ए-१, झाग्रेबहून दक्षिणेला येणारा टोलचा महामार्ग. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे, कार्ड चालतं. वेग १३०. सरळ, रुंद आणि पोचायच्या कामाचा, पण समुद्र फारसा दिसत नाही. दुसरा डी-८, म्हणजे जुना याद्रान्स्का मॅजिस्ट्राला. रिएकापासून थेट दुब्रोवनिकपर्यंत पाण्याच्या कडेकडेने. दुपदरी, वळणांचा, गावांत ५० आणि गावाबाहेर ९० ची मर्यादा. त्यातले ९० तुम्हाला क्वचितच गाठता येतील आणि गाठायचेही नाहीत. तुम्ही जाताय तो भाग याच रस्त्याचा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला, आणि तिथे गाडी चालते उजव्या बाजूने. म्हणजे तुम्ही कायम समुद्राकडच्या पट्ट्यात. गाडी थांबवायच्या जागा तुमच्याच कडेला येतात, समोरची वाहतूक कापून पलीकडे जावं लागत नाही. स्प्लिट ते दुब्रोवनिक ही तुमची दिशा अगदी बरोबर आहे, ती उलटी करू नका.

स्लोव्हेनियातून येणार असाल तर तिथल्या महामार्गासाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना, आधी काढा. करावांकेन बोगद्याचा टोल मात्र वेगळा.

बोरघाट

@म्युनिककर, त्या ठाण्याहून विमानाने चालल्यात हो, विन्येट कशाला काढणार! :)

उजव्या-डाव्याबद्दल सांगतो. वरंधा नि आंबोली चालवलेल्या माणसाला डी-८ ची वळणं अवघड नाहीत. अवघड असतो तो पहिला तास. डावीकडे बसून गाडी हाकताना आपला अंदाज उजवीकडे चुकतो. गाडीची उजवी बाजू किती पसरली आहे ते कळत नाही, आणि चाक फुटपाथच्या दगडाला घासतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याने पहिला दिवस फक्त तेवढंच बघायचं: 'उजवीकडे फार गेलास'. दुसरं, डावीकडे वळताना लांबचा पट्टा घ्यायचा. रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पहाटे कोणी नसताना चूक होते. गर्दीत होत नाही, कारण समोर बाकीच्या गाड्या असतात.

अनु_लंडन

बोरघाट यांना पूर्ण अनुमोदन. मी इथे डावीकडून चालवते, तिथे उजवीकडून. माझा अनुभव सांगते: ऑटोमॅटिकच घ्या. उजव्या हाताने गिअर टाकणं जमतं हो, पण गोल चौकात शिरताना डोक्याला एक काम कमी असलेलं बरं. युरोपात ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात आणि भाडं जास्त पडतं, म्हणून आत्ताच आरक्षण करा. सप्टेंबर हाही तिकडे हंगामच आहे.

गोल चौकात उलट्या घड्याळाच्या दिशेने फिरायचं, आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि विमानातून उतरल्या उतरल्या लांबचा पल्ला गाठू नका. स्प्लिटचा विमानतळ शहरात नाही, त्रोगिरच्या अगदी जवळ आहे. पहिला मुक्काम त्रोगिरलाच करा. पंधरा-वीस मिनिटांत खोलीवर.

प्रवासी_मन

मी वेगळं मत मांडतो. आम्ही दोघांनी हा सगळा किनारा बसने केला आणि एकदाही गाडीची उणीव भासली नाही. स्प्लिट-दुब्रोवनिक बस साधारण साडेचार तासांत जाते, जवळपास सगळा वेळ समुद्र खिडकीत. आणि दुब्रोवनिकला रेल्वे नाहीच, त्यामुळे बससेवा खरोखर चांगली आहे. उन्हाळ्यात स्प्लिट, ह्वार, कोर्चुला, दुब्रोवनिक अशी कॅटामरान, म्हणजे माणसांची वेगवान बोट, जाते.

तुम्ही गाडी घ्याल आणि ती स्प्लिटला पार्किंगमध्ये, दुब्रोवनिकला पार्किंगमध्ये. जुन्या गावांत गाडी शिरतच नाही. जिथे बघण्यासारखं सगळं आहे तिथे गाडी नुसती गळ्यात अडकते. ज्येष्ठ माणसं बरोबर आहेत तर ड्रायव्हिंगचा ताण कशाला? सगळ्यांनी मिळून खिडकीबाहेर बघा की.

वाटसरू_नाशिक

आलो. @प्रवासी_मन, शहरांबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. पण सगळं बघण्यासारखं शहरांत आहे हे अजिबात पटलं नाही. या किनाऱ्याचा जीव स्प्लिट आणि दुब्रोवनिकच्या मधल्या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरमध्ये आहे, आणि बस तिथून नुसती निघून जाते.

ओमिश सोडलं की बियोकोव्हो डोंगर एकदम अंगावर येतो. डावीकडे करड्या दगडाची सरळ भिंत, उजवीकडे पाइनची झाडं आणि खाली पाणी. ओमिश आणि ब्रेला यांच्यामध्ये व्रुल्या नावाची खाडी लागते. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात. डोंगर चुनखडीचा, पावसाचं पाणी वरती मुरतं आणि थेट समुद्राखाली बाहेर येतं. वरच्या कठड्यावरून निरखून पाहिलं तर सपाट पाण्यावर मधेच गोल गोल वलयं उठलेली दिसतात, कढईत तेल हलावं तशी. आम्ही तिथे इतका वेळ थांबलो की मागून आलेल्या झेक कुटुंबाने गाडी बिघडली आहे का म्हणून विचारलं. अबोलीताई, तुमच्या सासूबाई ज्या खाडीपाशी बसणार आहेत ती बहुतेक हीच.

मग मकारस्का, मग नेरेत्वा नदीचं मुख. एकदम सपाट, हिरवं, पाण्याचे चर काढलेली शेती. रस्त्याच्या कडेला ओळीने टपऱ्या: अंजीर, मध, कलिंगडं, घरचे रस. संत्र्याच्या जातीची मॅंडरिनं ऑक्टोबरात येतात, त्यामुळे सप्टेंबरात थोडक्यात हुकतील. बस इथे थांबत नाही आणि तुम्ही नक्की थांबाल.

रानजाई

वा! व्रुल्याबद्दल पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

कागदी_घोडा

कागदपत्रांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

१. भारतीय परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी. आरटीओत फॉर्म ४-ए, अर्ज परिवहनच्या सारथी संकेतस्थळावरून भरता येतो. मुदत एक वर्ष. मूळ परवाना बरोबर हवाच, नुसत्या आयडीपीला किंमत नाही.

२. गाडी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, डेबिट नव्हे. काउंटरवर अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा तेवढी मोकळी ठेवा आणि परदेशी व्यवहार चालू करून घ्या. यावरून लोकांना काउंटरवरून परत फिरताना पाहिलंय.

३. साध्या विम्यात बहुधा टायर, काच आणि गाडीचा तळ धरलेला नसतो, आणि बाकी नुकसानातही पहिला मोठा हिस्सा तुमचा असतो. डी-८ च्या कडेला खडी आहे, आतल्या वाड्यांमध्ये रस्ते दगडी भिंतींच्या मधून जातात. पूर्ण विमा घ्या. प्रवासभर मन शांत राहतं, ते पैसे वसूल आहेत.

४. गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, चारही चाकं, छत आणि काचांचा व्हिडिओ. परत देतानाही तोच.

५. स्प्लिटला घेऊन दुब्रोवनिकला सोडायची तर जास्तीचं भाडं लागतं. ते आधीच धरा.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी कुना जाऊन युरो आला. त्याआधीचे ब्लॉग वाचत असाल तर त्यातले चलनाचे आणि सीमेचे सल्ले सोडून द्या.

तिखटमीठ

कागदी घोडा, नाव सार्थ केलंत! प्रिंट काढून ठेवावी असा प्रतिसाद.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या लवकर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सीमेचा विषय निघालाच आहे तर: नकाशात दुब्रोवनिकच्या आधी मधेच बॉस्नियाचा तुकडा दिसतो. तो ओलांडायला वेगळा व्हिसा लागतो का? सासरे नकाशा घेऊन बसलेत आणि मला विचारतायत की बॉस्नियाला समुद्र कसा काय.

दफ्तरखाना

तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा, प्रश्न फार सुंदर आहे.

त्या तुकड्याचं नाव नेउम. दुब्रोवनिक हे तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, रागुसा नावाने ओळखलं जाणारं. उत्तरेकडून व्हेनिस सरकत येत होतं आणि व्हेनिस हा त्यांचा जुना प्रतिस्पर्धी. १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहाच्या वेळी रागुसाने शहाणपणा असा केला की आपल्या हद्दीच्या दोन्ही टोकांचे पट्टे ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात राहू दिले. म्हणजे व्हेनिसला जमिनीवरून यायचं तर आधी सुलतानाच्या मुलखात पाय टाकावा लागणार. त्यातला उत्तरेकडचा पट्टा म्हणजे नेउम. साम्राज्यं गेली, प्रजासत्ताक गेलं, युगोस्लाव्हिया झाला आणि मोडला, पण ती रेघ राहिली. वीसेक किलोमीटरचा किनारा आज बॉस्नियाचा आहे तो तीनशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी शहराच्या धूर्तपणामुळे.

आपल्याकडे त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला होता. सासऱ्यांना कालखंड जुळवायला उपयोग होईल.

म्युनिककर

इतिहास झाला, आता रस्ता. पूर्वी दुब्रोवनिकला जायचं म्हणजे नेउममधून दोनदा सीमा ओलांडायची, उन्हाळ्यात तासन् तास रांग. २६ जुलै २०२२ ला समोरच्या पेल्येशात्स द्वीपकल्पावर नेणारा पूल सुरू झाला आणि तो प्रश्न मिटला. लांबी २,४०४ मीटर, बांधला चिनी कंपनीने, पैसा मुख्यतः युरोपीय संघाचा, आणि टोल नाही. तुम्ही क्रोएशियातच राहून पलीकडे जाता.

फक्त एक काळजी घ्या. डी-८ वर सरळ जात राहिलात तर रस्ता नेउमच्या सीमेवरच नेतो. पुलासाठी कोमार्नाला वळायचं. नेव्हिगेशनला कधी कधी नेउममार्गे अंतर कमी वाटतं. एकदाच प्रवेश असलेला शेंगेन व्हिसा असेल तर एकदा बाहेर पडलात की परत आत येता येणार नाही. शिवाय गाडीच्या कंपनीची बॉस्नियासाठी परवानगी आणि विम्याचा कागद वेगळा लागतो. तेव्हा पाटी बघून वळा, फोनवर विसंबू नका.

प्रवासी_मन

पूल आम्ही गेलो त्यानंतर झाला, त्यामुळे हा भाग आम्हाला माहीतच नव्हता. पेल्येशात्सवर खरंच बस फार थोड्या आहेत, तेवढं मान्य करतो. :)

द्राक्षवेल

पेल्येशात्सचं नाव निघालं आणि कोणी द्राक्षांबद्दल बोलत नाही असं कसं चालेल!

हा सगळा द्वीपकल्प वाइनचा आहे. द्राक्षाची जात प्लावात्स माली. पोतोम्ये नावाचं गाव आहे, तिथून दिंगाच या उतारावर जायला डोंगरातून एक बोगदा आहे, सुमारे ४०० मीटर लांब, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. हा सरकारी नाही. पूर्वी शेतकरी पलीकडच्या उतारावरची द्राक्षं गाढवांवर लादून डोंगर चढवून आणायचे. १९७० च्या दशकात त्यांनीच मिळून हा बोगदा खणून घेतला. अंधारातून बाहेर पडलं की समोर एकदम उघडा समुद्र, आणि उतार इतका तीव्र की द्राक्षाच्या वेली धरून ठेवल्यासारख्या वाटतात. ऊन तिथे तीन वाटांनी पोचतं असं तिथले लोक सांगतात: वरून, पाण्यावरून परतून आणि पांढऱ्या दगडांवरून परतून.

सप्टेंबर म्हणजे काढणीचा महिना. तुम्ही योग्य वेळी जाताय.

बोरघाट

पण चाखायला उतरणारा आणि चालवणारा वेगळा असू द्या. रक्तातली मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि चोवीस वर्षांपर्यंतच्या चालकाला तर शून्य. वळणांच्या रस्त्यावर तेवढीही नको.

द्राक्षवेल

अर्थात! बाटली घ्या आणि खोलीवर उघडा. त्याबद्दल दुमत नाही.

खडूफळा

बेटांचा प्रश्न राहिला. गाडी बेटावर न्यायची का, तर माझं उत्तर: एका बेटासाठी नेऊ नका.

कारण असं. याद्रोलिनिया या बोट कंपनीच्या गाडीच्या फेरीचं तिकीट ऑनलाइन घेता येतं, पण बऱ्याच देशांतर्गत फेऱ्यांवर त्या तिकिटाने ठरावीक फेरीवरची जागा पक्की होत नाही. रांगेत गाडी लावायची आणि नंबर आला की चढायचं. गर्दीच्या दिवशी उन्हात दोन फेऱ्या निघून गेलेल्या बघत बसावं लागतं. वयस्कर माणसांना ते नको. दुसरं, ह्वार बेटाचं बघा: स्प्लिटहून गाडीची बोट ह्वार गावाला जात नाही, त्याच बेटावरच्या स्टारी ग्रादला जाते, साधारण दोन तास. द्रवेनिकहून सुचुराय हा पल्ला छोटा, पण तिथून पुढे बेटाच्या लांबीभर अरुंद रस्ता. नकाशावर सोपं दिसतं म्हणून फसू नका. तिसरं, भाड्याच्या गाडीचा विमा बोटीवर चालतो का ते करारात बघावं लागतं.

त्यापेक्षा पेल्येशात्सवरच्या ओरेबिचला मुक्काम करा. समोर पाण्यापलीकडे कोर्चुला दिसतं. गाडी ओरेबिचला ठेवा, माणसांच्या छोट्या बोटीने पंधरा-वीस मिनिटांत थेट जुन्या गावाच्या पायथ्याशी. बेट पाहून होतं, गाडीचा घोर नाही.

अनु_लंडन

खडूफळा, तुमच्या पहिल्या वाक्याशी मी असहमत. ब्राच बेट गाडीने अप्रतिम आहे. स्प्लिटहून सुपेतार फक्त पन्नास मिनिटं, दिवसभर बऱ्याच फेऱ्या. आत गेलं की दगडी भिंतींच्या मधली ऑलिव्हची शेती, आणि विदोवा गोरा हे सगळ्या एड्रियाटिक बेटांमधलं सर्वांत उंच शिखर, तिथे वरपर्यंत गाडी जाते. खाली झ्लात्नी रात हा पाण्यात घुसलेला गोट्यांचा पट्टा दिसतो. ज्येष्ठ माणसांना न चालता इतकं मोठं दृश्य दुसरीकडे कुठे मिळणार?

खडूफळा

ब्राचपुरता तुमचा मुद्दा मान्य. पन्नास मिनिटं आणि भरपूर फेऱ्या म्हणजे एखादी हुकली तरी बिघडत नाही. ह्वारसाठी मात्र माझं मत तेच.

सायली_पाटगावकर

थोडं विषयांतर: सासूबाई शाकाहारी आहेत का? माझी आई होती बरोबर. दाल्मेशियात मासे आणि मांस सगळीकडे, पण पोट भरतं. ब्लित्वा म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी, ऑलिव्ह तेल आणि लसणात परतलेली. माशासोबत वाढतात पण वेगळी मागितली तर आनंदाने देतात. आणि सोपार्निक! स्प्लिट आणि ओमिशच्या मागे पोल्यित्सा नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथला पदार्थ. दोन पातळ पोळ्यांच्या मधे ब्लित्वाची पानं आणि कांदा, चुलीच्या तळावर ठेवून वरून निखारे पसरायचे. राख झटकली की गरम गरम वरच्या अंगाला लसूण आणि तेल चोळतात, आणि शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. अंडं नाही, चीज नाही. आईने तिथल्या बाईंना हातवारे करून कृती विचारून घेतली आणि त्या बाईंनी तिला पीठ मळायला बसवलं.

मुक्कामाला अपार्टमेंट घ्या, स्वयंपाकघरासकट. रस्त्याच्या कडेला 'सोबे' आणि 'अपार्टमानी' अशा पाट्या सगळीकडे दिसतात. मुगाची खिचडी रात्री झाली की सगळे खूश. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं.

तिखटमीठ

@सायली, पीठ मळायला बसवलं हे वाचून फार छान वाटलं. आईंची कृती इथे टाका ना वेगळ्या धाग्यात.

दफ्तरखाना

सासऱ्यांसाठी दोन ठिकाणं, दोन्ही गाडीच्या वाटेवर.

स्प्लिट: रोमन सम्राट डायोक्लेशनने निवृत्तीसाठी बांधलेला राजवाडा, इ.स. ३०५ च्या सुमाराचा. राजवाड्यात शहर आहे म्हणतात ते शब्दशः खरं आहे. खांबांच्या मधे लोकांच्या खिडक्या, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. आणि ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाचं थडगं पुढे कॅथीड्रल झालं. १९७९ पासून जागतिक वारसा. जमीन बरीचशी सपाट आहे, फक्त फरशी गुळगुळीत झालेली. चांगल्या पकडीचे बूट हवेत.

स्टोन: पेल्येशात्सच्या मानेवरचं गाव. डोंगरावर साडेपाच किलोमीटर तटबंदी, आणि ती कशासाठी, तर मिठासाठी. खाली मिठागरं आहेत, आजही चालू. रागुसाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या मिठाचा होता. तटावर चढण दमवणारी आहे, तेव्हा सासऱ्यांनी एका बुरुजापर्यंत जाऊन परत फिरावं. मिठागरं मात्र खालून सपाट वाटेने बघता येतात. बाजूच्या माली स्टोनला कालवं पाळतात, खाणाऱ्यांनी तिथेच खावीत.

नव्हाळी

दुब्रोवनिकच्या तटबंदीबद्दल कोणीतरी सांगा. माझ्या वडिलांचे गुडघे तिथे बोलायला लागले होते.

खडूफळा

१,९४० मीटर, आणि पायऱ्याच पायऱ्या. मधे उतरायच्या जागा थोड्या, सावली जवळजवळ नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जायचं. ज्यांना झेपत नाही त्यांनी खाली स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर बसावं, तो पूर्ण सपाट आहे. किंवा केबल कारने स्र्ज डोंगरावर जावं. ती १९९१ च्या युद्धात उद्ध्वस्त झाली होती, २०१० मध्ये परत सुरू झाली. वरून शहर तळहातावर दिसतं, आणि किल्ल्यात वेढ्याच्या दिवसांचं संग्रहालय आहे.

म्युनिककर

वाऱ्याबद्दल लिहायचं राहिलं. बुरा. वेलेबितसारख्या किनाऱ्यालगतच्या डोंगरावरून थंड हवा समुद्राकडे कोसळते, ईशान्येकडून, झटक्यांत. जोर हिवाळ्यात जास्त, पण केव्हाही सुटू शकतो. मास्लेनित्साचा पूल आणि ए-१ चा स्वेती रोक बोगद्याच्या पुढचा भाग अशा वेळी आधी उंच गाड्यांना आणि मग सगळ्यांनाच बंद करतात. तुमच्या दक्षिणेकडच्या वाटेवर त्रास कमी, तरी मकारस्काच्या आसपास डोंगर जवळ आहे. वारा असेल तर गाडीचं दार एका हाताने घट्ट धरून उघडायचं. मागे बसलेल्यांनाही सांगून ठेवा, दार हातातून निसटलं तर बिजागरी वाकते. रस्त्यावर अडचण आली तर ११२, आणि क्रोएशियाच्या ऑटो क्लबचा मदतीचा नंबर १९८७.

नव्हाळी

पार्किंगचं एक. शहरांत झोन असतात, यंत्रात पैसे भरून चिठ्ठी काचेमागे ठेवायची. आमच्या एका ओळखीच्यांना चिठ्ठी न लावल्याचा दंड झाला, तो काही फार नव्हता. पण गाडीच्या कंपनीने 'हाताळणी शुल्क' म्हणून दंडाहून जास्त रक्कम कार्डावरून परस्पर कापली. करारात बारीक अक्षरात होतं. ते शुल्क किती हे आधीच विचारा.

अबोली_ठाणे

आज रात्री जेवणानंतर सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी १६९९ दोनदा वाचायला लावलं. आता ठरलेलं असं:

गाडी घेणार, ऑटोमॅटिक, पूर्ण विम्यासकट. पहिला मुक्काम त्रोगिर. स्प्लिट तिथून बसने बघायचं, गाडी दाराशीच. ब्राच आवडलं, पण मन घट्ट करून सोडतोय. मग व्रुल्याला थांबत थांबत ब्रेला किंवा मकारस्का. मग पुलावरून पेल्येशात्स, ओरेबिचला चांगला लांब मुक्काम, कोर्चुला बोटीने. स्टोन करून थेट दुब्रोवनिकच्या विमानतळावर गाडी परत. शेवटचे दिवस गाडीविना.

प्रवासी_मन, शहरांत गाडी नको हे तुमचंच ऐकलं.

प्रवासी_मन

हे वाचून बरं वाटलं. आणि माझ्याकडून भर: शेवटचा मुक्काम दुब्रोवनिकात न करता त्साव्तातला करा. विमानतळ तिथून अगदी जवळ, गाव शांत, किनाऱ्यावर सपाट चालायची वाट, आणि दुब्रोवनिकच्या जुन्या बंदरात नेणारी बोट तिथूनच सुटते. गाडी विमानतळावर देऊन टॅक्सीने पाच-दहा मिनिटांत खोलीवर.

वाटसरू_नाशिक

आराखडा उत्तम. शनिवारी लांब पल्ला ठेवू नका. अपार्टमेंट शनिवार ते शनिवार देतात, त्यामुळे त्या दिवशी अर्धा मध्य युरोप रस्त्यावर असतो. आणि चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत. एकतर बॅगा लहान करा, नाहीतर डिकी मोठी असलेली गाडी घ्या. मागच्या सीटवर बॅग कोंबून सासू-सासऱ्यांना वळणांवर बसवू नका.

अबोली_ठाणे

त्साव्तात नक्की. स्टेशन वॅगन बघते. शेवटचा प्रश्न सासूबाईंचा, त्यांच्याच शब्दांत: 'सप्टेंबरात पाणी फार गार असतं का गं? मला नुसतं बसायचं नाही, उतरायचंय.'

सायली_पाटगावकर

अजिबात गार नाही! सप्टेंबरात समुद्र २२ ते २४ अंशांच्या आसपास असतो, उन्हाळाभर तापलेला. माझी आई रोज उतरायची. पण किनारे वाळूचे नाहीत, गोट्यांचे आणि खडकांचे, आणि खडकांत समुद्री साळू असतात. त्यांचे काटे पायात मोडले की काढताना फार त्रास होतो. पाण्यात घालायचे रबरी बूट सासूबाईंच्या मापाचे इथूनच घेऊन जा, आणि ब्रेलाला पुंता राता किनाऱ्यावर उतरवा. तिथे गोटे बारीक आहेत, पाइनची सावली अगदी पाण्यापर्यंत येते. व्रुल्याच्या झऱ्यांजवळचं पाणी मात्र थंडगार असतं. तिथे काठावरूनच बघा.